भिंत कामांमध्ये घाला, माणसांमध्ये नको

गेल्या वर्षी एका मधल्या सुट्टीत नववीतला एक मुलगा स्टाफरूमच्या दारात घुटमळत उभा होता. आत बोलावले तर आला नाही. मीच बाहेर गेलो. त्याने खिशातून मोबाइल काढला. शाळेत मोबाइल आणायची बंदी आहे, हे त्यालाही माहीत होते आणि मलाही. तरी त्याने काढला आणि म्हणाला, "सर, किसी को बोलना नको. ये देखो."

पडद्यावर आमच्याच शाळेच्या पहिल्या मजल्याचा व्हरांडा दिसत होता. मुलींच्या स्वच्छतागृहाकडे जाणारा. दोन मुली डबे धुऊन परत येत होत्या. चित्र इतके स्वच्छ होते की, त्यातली एक कोण हे मला ओळखू आले. ती त्याच क्षणी आमच्या डोक्यावरच्या मजल्यावर चालत होती आणि खाली एका मुलाच्या तळहातावर दिसत होती.

मी विचारले, "हे कसे उघडलेस?"

"वायफाय का पासवर्ड तो सबको मालूम है सर. एक ॲप से देखा, कौन कौन जुडेला है. उसमें कॅमेरे का डब्बा दिखा. अ‍ॅडमिन डाला, खुल गया."

मी त्याला शिक्षा केली नाही. ज्याने दाखवले तो प्रामाणिक. न दाखवता बघत बसलेले किती असतील, हा विचार मला त्या रात्री झोपू देईना.

शाळेचे नाव मी इथे लिहीत नाही. त्याची गरजही नाही. तुमच्या शाळेत, दवाखान्यात, पतसंस्थेत, मदरशाच्या संगणक वर्गात हेच चित्र असण्याची शक्यता दाट आहे.

मी संगणकाचा माणूस नाही. बी.एड. केले, उर्दू आणि मराठी शिकवतो, फळ्यावर दोन्ही दिशांनी लिहायची सवय आहे. पण त्या दिवसानंतर दोन महिने मी हा विषय माझ्यापुरता समजून घेतला. पुढे जे घडले त्याने मला हे लिहायला भाग पाडले.

आधी पार्श्वभूमी सांगतो. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या शाळेत चिमुरड्या मुलींवर अत्याचार झाला. राज्य हादरले. त्याच महिन्यात सरकारने शासन निर्णय काढून शाळांना महिनाभरात सीसीटीव्ही बसवायला सांगितले. न बसवल्यास अनुदान किंवा मान्यतेवर कारवाईचा इशारा दिला. हेतू योग्यच होता. मीही दोन मुलींचा बाप आहे. पण महिनाभराची मुदत आली की आपल्याकडे काय होते ते सर्वांना ठाऊक आहे. कोटेशन मागवायचे, सर्वांत स्वस्त घ्यायचे, फोटो काढून अहवाल पाठवायचा. कॅमेरे बसवणारा आला, वायर ओढली आणि जिथे मोकळे भोक दिसले तिथे खोचली. ते भोक शाळेच्या जुन्याच स्विचचे होते. त्याच स्विचवर कार्यालयातला संगणक होता, ज्यावरून आमचे पगार 'शालार्थ'मध्ये भरले जातात आणि मुलांचे आधार क्रमांक 'सरल' व 'यू-डायस'वर चढवले जातात. त्याच स्विचवर संगणक प्रयोगशाळा होती. त्याच स्विचवरून वायफायही निघत होते, ज्याचा पासवर्ड शिपाईमामांपासून सातवीच्या मुलांपर्यंत सर्वांना पाठ होता.

मुलींच्या सुरक्षेसाठी आणलेला डोळा अशा रीतीने आम्हीच चौकात नेऊन ठेवला.

हे असे का होते, ते साध्या भाषेत सांगतो. नेटवर्कवरच्या प्रत्येक यंत्राला एक पत्ता असतो. शाळा, दुकान, घर, कुठेही बघा, तो बहुधा १९२.१६८.१ असा सुरू होतो आणि शेवटचा आकडा यंत्रागणिक बदलतो. अशा एका जाळ्यात २५४ यंत्रांना पत्ते देता येतात. एखाद्या यंत्राला दुसऱ्याशी बोलायचे असले की ते आधी सगळ्यांना ऐकू जाईल असे ओरडते, "अमुक पत्ता कोणाचा?" ज्याचा असेल तो उत्तर देतो, बाकीचे गप्प बसतात. पण ऐकतात सगळे. म्हणजे आमच्या शाळेत लिपिकाचा संगणक, पोरांचे मोबाइल, प्रिंटर आणि कॅमेऱ्यांचा डबा हे सगळे एकाच दालनात बसले होते. त्यातल्या कोणीही उठून कोणाच्याही दारावर थाप मारावी आणि दाराला कडी नसेल तर आत जावे.

याचा दुसरा त्रास आम्ही वर्षभर भोगत होतो, फक्त कारण कळत नव्हते. गर्दीच्या दिवशी मोबाइल इतके जोडले जात की २५४ पत्ते संपायचे. मग लिपिकाच्या संगणकाला पत्ताच मिळायचा नाही, आणि आम्ही कंपनीला फोन करून 'नेट गेले' म्हणून भांडायचो. एकदा कोणीतरी एकाच वायरची दोन्ही टोके त्याच स्विचमध्ये खोचली. ती ओरड गोल गोल फिरत राहिली आणि अख्खी शाळा दुपारपर्यंत बंद पडली. एका खोलीतल्या चुकीने सगळी इमारत आजारी पडते, कारण मधे कुठे दारच नाही.

यावरचा उपाय नवा नाही. एक मोठे जाळे लहान लहान जाळ्यांत तोडायचे. त्याला सबनेट म्हणतात. या पद्धतीचे मानक १९८५ मध्येच ठरले. त्या २५४ पत्त्यांच्या एका जाळ्याची चार जाळी करता येतात, प्रत्येकात ६२ पत्ते. पण नुसते पत्ते बदलून भागत नाही, कारण वायर आणि स्विच तेच राहतात. म्हणून दुसरी गोष्ट लागते, ती व्हीलॅन. चांगल्या स्विचला सांगता येते की, पहिली आठ भोके कार्यालयाची, पुढची आठ प्रयोगशाळेची, त्यापुढची कॅमेऱ्यांची. डबा एक, पण आत जणू तीन वेगळे डबे. एका स्विचवरून दुसऱ्याकडे एकच वायर जात असली तरी जाणाऱ्या प्रत्येक पाकिटावर चिठ्ठी चिकटवली जाते, हे अमक्या जाळ्याचे, ते तमक्या जाळ्याचे. या चिठ्ठीचे मानक १९९८ मध्ये ठरले, त्याचे नाव ८०२.१क्यू. चिठ्ठीवर चार हजारांहून जास्त क्रमांक मावतात. आपल्याला चार-पाच पुरतात.

मग एका जाळ्यातून दुसऱ्यात जायचेच असेल तर? तर मधे राउटर किंवा फायरवॉल असते. ते दार. दारावर लिहिलेले नियम असतात. मुख्याध्यापकांच्या संगणकाने कॅमेऱ्यांकडे जावे, चालेल. पोराच्या मोबाइलने जाऊ नये. कॅमेऱ्याने स्वतःहून बाहेर इंटरनेटवर जाऊ नये. इतकेच.

आपल्या नगरकरांना हे समजावायला दूर जायची गरज नाही. निजामशाहीत शहराला खापरी नळांनी पाणी येत असे. कापूरवाडीकडून एक, भिंगारकडून एक, असे वेगवेगळे नळ जमिनीखालून आणले होते. सावेडीच्या पलीकडे भिस्तबागेच्या तळ्यातही पाणी असेच खेळवले होते. एक नळ फुटला किंवा नासला, तर सगळे शहर तहानलेले राहू नये, याची सोय त्यातच झाली होती. पाचशे वर्षांपूर्वी ज्या शहराला हे कळत होते, त्या शहरातल्या शाळा आज सगळे एकाच नळाला जोडून बसल्या आहेत.

कोणी म्हणेल, शाळेचे ठीक आहे, मोठ्या ठिकाणी असे होत नसेल. मोठ्या ठिकाणीही हेच झाले आहे.

दिल्लीच्या एम्स रुग्णालयात नोव्हेंबर २०२२ मध्ये संगणकावर हल्ला झाला. रुग्णांची नोंदणी, तपासण्यांचे अहवाल, सगळे पुन्हा कागदावर आले, तेही दिवसेंदिवस. पाच सर्व्हरवरचा सुमारे १.३ टेराबाइट डेटा कुलूपबंद झाला. पुढे सरकारने संसदेत लेखी उत्तर दिले आणि त्यात कारण सांगितले, नेटवर्कचे विभाजन नीट केलेले नव्हते. देशातल्या सर्वांत नामांकित रुग्णालयाबद्दल सरकारने स्वतः दिलेली ही कबुली आहे.

आपल्या राज्यात या. २७ जून २०१७ रोजी 'नॉटपेट्या' नावाचा घातक प्रोग्रॅम युक्रेनमधल्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरमधून सुटला. त्याने मर्स्क या जहाज कंपनीच्या जगभरच्या जाळ्यात शिरकाव केला आणि त्याच कंपनीचे न्हावा शेवा बंदरातले टर्मिनल बंद पाडले. कंटेनर कोणता कुठे जायचा हे सांगणारे संगणक काळे पडले. विचार करा. आग लागली युक्रेनमध्ये आणि ट्रक अडले उरणच्या रस्त्यावर. कंपनीला नंतर दहा दिवसांत ४ हजार सर्व्हर आणि ४५ हजार संगणक नव्याने उभे करावे लागले, हे तिच्या अध्यक्षांनीच पुढे जाहीरपणे सांगितले. मार्च २०२१ मध्ये आपल्या एमआयडीसीच्या संगणकांवर असाच हल्ला झाला आणि मुंबईच्या मुख्यालयासह राज्यभरच्या प्रादेशिक कार्यालयांचे काम ठप्प झाले.

आणि कॅमेरे? ऑक्टोबर २०१६ मध्ये 'मिराय' नावाच्या प्रोग्रॅमने लाखो कॅमेरे आणि डीव्हीआर ताब्यात घेऊन अमेरिकेतली मोठमोठी संकेतस्थळे बंद पाडली. त्याची युक्ती काय होती? कारखान्यातून आलेला पासवर्ड कोणी बदलत नाही, एवढेच त्याला माहीत होते. फेब्रुवारी २०२५ मध्ये राजकोटच्या एका प्रसूती रुग्णालयातले महिलांच्या तपासणीचे चित्रीकरण बाहेर आले आणि समाजमाध्यमांतून विकले जात असल्याचे उघड झाले. पोलिसांनी पकडलेल्यांत आपल्या महाराष्ट्रातले तरुणही होते. त्या बायकांनी कोणावर विश्वास ठेवला होता? डॉक्टरवर आणि भिंतीवर. दोन्ही जागच्या जागी होते. गळती वायरीत होती.

हे सगळे घेऊन मी शाळेच्या बैठकीत गेलो. कॅमेऱ्यांचे जाळे वेगळे करा, एवढी मागणी केली. तेव्हा एक सहकारी, माझे मित्रच, हसत म्हणाले, "सर, तुमच्या लेखांत तर सगळ्यांनी एकत्र राहावे असे असते. इथे मात्र फाळणी?"

सगळे हसले. मीही हसलो. पण ते वाक्य डोक्यात राहिले, कारण त्यात खरा प्रश्न दडला होता, आणि पुढच्याच महिन्यात तो समोर येऊन उभा राहिला.

संस्थेने नेटवर्कवाल्याला बोलावले. त्याने एका दिवसात काम केले आणि बिल दिले. बिलावर लिहिले होते, तीन नेटवर्क. कोणती तीन? मराठी माध्यम, उर्दू माध्यम, इंग्रजी माध्यम.

आमच्या आवारात तिन्ही माध्यमे आहेत. तीन स्टाफरूम आहेत. त्याला तीन खोल्या दिसल्या, त्याने तीन जाळी केली. त्याच्या मनात काही वाईट नव्हते. म्हणूनच मला हे जास्त महत्त्वाचे वाटते. समोर माणसे दिसली की त्यांना गटांत वाटायचे, हे आपल्या हाताच्या इतके अंगवळणी पडले आहे की त्यासाठी द्वेषाचीही गरज उरलेली नाही.

परिणाम काय झाला ते ऐका. उर्दू विभागात संगणक कमी, म्हणून त्याला वेग कमी दिला. प्रिंटर कार्यालयात, म्हणजे मराठीच्या जाळ्यात. त्यामुळे उर्दूच्या शिक्षकांनी प्रश्नपत्रिका पेनड्राइव्हवर घ्यायची, आवार ओलांडून जायचे आणि लिपिकाच्या संगणकाला ती खोचायची. विषाणू पसरवायला याहून चांगला मार्ग कोणता? मी दोन्ही विषय शिकवतो. सकाळी मराठीच्या वर्गात असताना निकालपत्रक उघडायचे, दुपारी उर्दूच्या वर्गात तेच उघडायचे नाही. एकच माणूस, एकच मोबाइल, मधल्या सुट्टीत परका झाला.

आणि ज्याच्यासाठी हा खटाटोप केला, तो कॅमेऱ्यांचा डबा? तो कार्यालयात होता, म्हणून मराठीच्या जाळ्यात गेला. त्या नववीतल्या मुलाने मला नंतर खाली मान घालून सांगितले, "सर, मेरे से अब नहीं खुलता. मराठी मीडियम के दोस्त के मोबाइल से खुलता है."

म्हणजे भिंत घातली, गैरसोय वाढली, आणि मुली होत्या तितक्याच उघड्यावर राहिल्या.

यावर आपल्या लोकांची प्रतिक्रियाही सांगतो, कारण दोष एका बाजूचा नाही. उर्दू विभागाच्या काही पालकांना ही वाटणी आवडली. "अपना अलग है ना सर, अच्छा है." मी विचारले, काय अच्छा आहे? आपले वेगळे म्हणजे सुरक्षित, ही समजूत आपण इतक्या वर्षांच्या मारातून शिकलो आहोत. ती समजू शकते. पण त्यामुळे आपण दर वेळी सर्वांत लांबची, सर्वांत हळू, सर्वांत कमी सोयीची खोली स्वतः होऊन मागून घेतो आणि वर आभारही मानतो.

मी सावेडीत राहतो. इथे भाड्याने घर शोधत होतो तेव्हाचे दिवस विसरलेलो नाही. फोनवर आवाज म्हणायचा, "या की, दाखवतो." नाव सांगितले की तोच आवाज म्हणायचा, "अहो, कालच गेले ते घर." तीन घरे अशी 'कालच' गेली. चौथ्या घराचे मालक भेटले. त्यांनी नाव विचारायच्या आधी दोन प्रश्न विचारले, भाडे वेळेवर द्याल का आणि रात्री गेटला कुलूप लावाल का. मी आजही त्यांच्याकडे ईदला शीरखुर्मा घेऊन जातो. पहिल्या तिघांनी माझे नाव बघितले, चौथ्याने माझे वागणे बघितले. त्या चौथ्या माणसाच्या गेटलाही कुलूप होतेच. कुलपाबद्दल माझी तक्रार कधीच नव्हती.

माझ्या मित्राच्या प्रश्नाला हे माझे उत्तर आहे. फाळणी आणि विभाजन यांत फरक आहे. माणूस कोण आहे, हे बघून घातलेली भिंत म्हणजे फाळणी. काम काय आहे आणि त्यात धोका किती आहे, हे बघून घातलेली भिंत म्हणजे स्वयंपाकघर आणि न्हाणीघर यांच्यामधली भिंत. दुसरीशिवाय घर चालत नाही. पहिलीने घर मोडते. नेटवर्क बांधणाऱ्याने हा फरक चुकवला तर तो माणुसकीतही चुकतो आणि त्याच्या स्वतःच्या धंद्यातही चुकतो. आमच्या शाळेत दोन्ही झाले.

कारण धोका माध्यमाप्रमाणे वाटलेला नसतो. उर्दूच्या पोराचा मोबाइल आणि मराठीच्या पोराचा मोबाइल, धोका सारखाच. उर्दूची शिक्षिका आणि इंग्रजीची शिक्षिका, गरज सारखीच. धोका वेगळा आहे तो कॅमेऱ्याचा, पगाराच्या संगणकाचा, प्रयोगशाळेचा, पाहुण्याच्या मोबाइलचा. म्हणून जाळी अशी हवीत: एक कार्यालयाचे, एक प्रयोगशाळेचे, एक सर्व शिक्षकांचे, मग ते कोणत्याही माध्यमाचे असोत, एक कॅमेऱ्यांचे आणि एक येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या मोबाइलचे. प्रिंटरकडे सर्व शिक्षकांना वाट. कॅमेऱ्यांकडे एकाच संगणकाला वाट. पाहुण्यांना फक्त बाहेरचे इंटरनेट, आत कुठेही नाही.

आता हरकती बघू. त्या मी बैठकीत ऐकल्या आहेत, तुम्हीही ऐकाल.

पहिली हरकत, पैसे कुठून आणायचे? सर्वांत स्वस्त स्विचला चिठ्ठ्या वाचता येत नाहीत, हे खरे. व्हीलॅन समजणारा लहान स्विच काही हजार रुपयांत मिळतो. स्नेहसंमेलनाच्या मंडपाला आपण याहून जास्त देतो. आणि अनेक ठिकाणी चांगला स्विच आधीच कपाटात असतो; त्याची सोय वापरलेली नसते, कारण कोणी विचारलेले नसते.

दुसरी हरकत, पासवर्ड बदलला की झाले ना? पासवर्ड बदलाच, आजच बदला. पण पासवर्ड फुटतो, आणि कॅमेऱ्याच्या आतल्या सॉफ्टवेअरमध्येही फटी सापडत राहतात. दाराला कुलूप आहे म्हणून कोणी तिजोरी रस्त्यावर ठेवत नाही.

तिसरी हरकत, आमच्याकडे चोरण्यासारखे आहे काय? शेकडो मुलांची नावे, जन्मतारखा, आधार क्रमांक, पालकांचे मोबाइल, जात, धर्म, बँक खाती आणि मुलींची रोजची हालचाल. याहून किमती काय असते? २०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने १८ वर्षांखालील प्रत्येकाला बालक मानले आहे आणि बालकांच्या माहितीबाबत जास्त काळजी घ्यायला सांगितले आहे. कायद्याचे सोडा. आपल्याकडे त्याला अमानत म्हणतात. दुसऱ्याने विश्वासाने ठेवायला दिलेली वस्तू. ती आपल्या मालकीची नसते, म्हणूनच तिची राखण आपल्या वस्तूपेक्षा जास्त करायची असते.

चौथी हरकत सर्वांत खरी आहे. हे सांभाळणार कोण? याला माझ्याकडे सोपे उत्तर नाही. पण काम झाले की नाही, हे ओळखायला इंजिनिअर व्हावे लागत नाही. नेटवर्कवाला 'वेगळे केले' म्हणाला की तीन गोष्टी तपासा, कारण तीन प्रकारचे फसवे काम मी स्वतः बघितले आहे. वायफायची नावे दोन दिसतात, पण दोन्हींना जोडल्यावर पत्ता त्याच १९२.१६८.१ चा येतो. म्हणजे पाटी दोन, खोली एकच. दुसरा प्रकार, पत्ते वेगळे दिले, पण स्विच साधाच. म्हणजे ज्याने स्वतःच्या हाताने पत्ता बदलला तो पलीकडे गेला. तिसरा प्रकार, जाळी खरीच वेगळी, पण मधल्या राउटरवर एकही नियम नाही. सगळ्यांना सगळीकडे वाट मोकळी. म्हणजे भिंती बांधल्या आणि दारे काढून टाकली. तपासायची रीत साधी आहे. पाहुण्यांच्या वायफायला मोबाइल जोडा आणि कॅमेऱ्याचा पत्ता उघडून बघा. उघडला, तर बिल देऊ नका.

हे सारे मी पुन्हा बैठकीत मांडले. या वेळी एकटा गेलो नाही. मराठी विभागाच्या दोन शिक्षिका माझ्याबरोबर होत्या, कारण त्यांच्या वर्गातल्या मुली त्याच व्हरांड्यातून जातात. ज्या मित्राने फाळणी म्हटले होते, त्यानेच प्रिंटरच्या वाटेचा मुद्दा उचलला. संस्थेने ऐकले. माध्यमांची नावे पुसली गेली, कामांची नावे आली. दिवाळीच्या सुट्टीत काम झाले.

शाळा उघडल्यावर सखी सावित्री समितीच्या बैठकीला काही माताही आल्या होत्या, तिन्ही माध्यमांच्या. मी त्या मुलाला बोलावले. त्याने आमच्यापैकी एकाचा मोबाइल घेतला, वायफाय जोडले, तोच पत्ता टाकला. पडद्यावरचे चक्र फिरत राहिले. अर्धा मिनिट. एक मिनिट. तो म्हणाला, "नहीं खुल रा सर."

टाळ्या वाजल्या नाहीत, पण मला त्या ऐकू आल्या.

तेवढ्यात मागच्या बाकावरून बुरख्यातल्या एका आईने विचारले, "बाहर वाले को नहीं दिखता, समझी. लेकिन अंदर बैठ के कौन देखता है?"

खोली शांत झाली. व्हीलॅनकडे या प्रश्नाचे उत्तर नाही. स्विच सांगू शकतो की, कॅमेऱ्याकडे एकाच संगणकाला वाट आहे. त्या खुर्चीत कोण बसतो, कधी बसतो आणि कशासाठी चित्रण मागे फिरवून बघतो, हे स्विच सांगू शकत नाही. मराठी विभागाच्या एका आईने तोच प्रश्न मराठीत पुन्हा विचारला, जणू आम्हाला पहिल्यांदा कळला नव्हता.

त्या दिवशी एक साधी वही ठरली. चित्रण कोणी बघितले, कोणत्या तारखेचे, कोणत्या कारणाने, सोबत कोण होते. चित्रण बघताना एक शिक्षिका हजर असलीच पाहिजे. वही दर महिन्याला समितीपुढे ठेवायची. पहिल्या पानावर मुख्याध्यापकांची सही आहे आणि साक्षीदार म्हणून त्या दोन्ही आयांच्या सह्या आहेत. एक उर्दूत, एक मराठीत.

तुमच्या मुलांच्या शाळेत पुढची पालक सभा केव्हा आहे? जा आणि दोन प्रश्न विचारा. कॅमेऱ्यांचे जाळे वेगळे आहे का? आणि ती वही कुठे आहे?